मायक्रोकंट्रोलरच्या पोटातला तापमान सेन्सर किती चपळ असतो? पॅनेलचा पंखा बंद पडला तर त्याला कळेल का?

पॅनेलवाला_शिरोली | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसाठी सँड मिक्सरचं कंट्रोल पॅनेल करतोय. आत व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह), कॉन्टॅक्टर (मोटरचा मोठा स्विच), २४ व्होल्टचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय) आणि आमचा एक छोटा बोर्ड. बोर्डावर एसटी कंपनीचा एसटीएम३२एफ१०३ मायक्रोकंट्रोलर, ४८ पायांचं पॅकेज. दारावर एक पंखा, त्याच्यामागं फिल्टर. फाउंड्रीतली काळी धूळ कशी असते हे कोल्हापूरकरांना वेगळं सांगायला नको. फिल्टर चोंदतो, कुणी काढून झटकत नाही, आणि एप्रिल-मेच्या दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये पॅनेलचं दार उघडलं की तोंडावर झळ येते.

मला दोन गोष्टी पकडायच्या आहेत. फिल्टर हळूहळू चोंदत गेला तर वेळेत इशारा द्यायचा, आणि पंखा एकदम बंद पडला तर व्हीएफडीचा वेग उतरवून बझर वाजवायचा. बाहेरून वेगळा सेन्सर लावायला मालक तयार नाहीत. त्यांचं म्हणणं रास्तच आहे: मिक्सर थरथरतो, कनेक्टर सैल होतात, वायर उंदीर कुरतडतात. चिपच्या पोटात सेन्सर आहेच, तर तोच का वापरू नये?

प्रश्न वेगाचा आहे. डेटाशीटमध्ये १७.१ मायक्रोसेकंद असा आकडा दिसतो. पण हीट गन मंद ठेवून बोर्डापासून वीतभर लांब धरली, तर रीडिंग रेंगाळत चढतं, मिनिटं जातात. यातला कुठला आकडा धरून फर्मवेअर लिहू?

---

कोडकरी | सोमवार, रात्री १०:०५

१७.१ हा सॅम्पलिंग टाइम, म्हणजे सेन्सरचा व्होल्टेज टिपायला लागणारा वेळ आहे आणि तो बरोबर आहे. सेन्सर एडीसीच्या (व्होल्टेजचं आकड्यात रूपांतर करणाऱ्या भागाच्या) १६ नंबरच्या चॅनेलवर बसलाय. एडीसीचं घड्याळ जास्तीत जास्त १४ मेगाहर्ट्झ. २३९.५ सायकल सॅम्पलिंग ठेवलं की १७.१ मायक्रोसेकंद होतात, वर रूपांतराच्या १२.५ सायकल. एकूण २५२ सायकल, म्हणजे १८ मायक्रोसेकंदांत आकडा हातात. सेन्सर बंद ठेवला असेल तर तो जागा व्हायला ४ ते १० मायक्रोसेकंद, तेवढं थांबायचं.

बाकी कंपन्यांच्या मायक्रोकंट्रोलर चिपांचंही असंच. एनआरएफ५२ ला एका मोजणीला ३६ मायक्रोसेकंद लागतात आणि पाव अंशाच्या पायरीनं आकडा मिळतो. आरपी२०४० चा एडीसी २ मायक्रोसेकंदांत रूपांतर करतो. जुना एटीमेगा३२८पी १२५ किलोहर्ट्झच्या घड्याळावर १०४ मायक्रोसेकंद घेतो. सेकंदाला हजारो वाचनं होतात भावा, वेगाची काळजी सोड.

---

उष्मा_मास्तर | मंगळवार, सकाळी ६:३०

कोडकरी यांचे आकडे अचूक आहेत. पण ते वाचनाचे आकडे आहेत. उष्णता चिपपर्यंत कधी पोचते हे त्यात कुठेच नाही, आणि पॅनेलवाले यांना खरं तर तेच विचारायचं आहे.

आतला सेन्सर म्हणजे सिलिकॉनमध्येच घडवलेली ट्रान्झिस्टरची जोडणी. प्रवाह कायम ठेवला तर तिच्यावरचा व्होल्टेज दर अंशाला साधारण २ मिलिव्होल्टनं उतरतो. हाच गुण वाढवून, सरळ करून एडीसीकडे पाठवतात. या जोडणीला स्वतःचं वेगळं वस्तुमान नाही. ज्या सिलिकॉनात ती आहे, त्याचं जे तापमान तेच तिचं. थर्मामीटरचा पारा तापायला वेळ लागतो तसा प्रकार इथं नाहीच. म्हणून सेन्सरचा स्वतःचा उशीर धरायचं कारण नाही. उशीर होतो तो उष्णतेच्या वाटेवर.

ती वाट मोजायला एक ढोबळ नियम पुरतो: अंतराचा वर्ग भागिले त्या पदार्थाची उष्णता-विसरणक्षमता, म्हणजे उष्णता त्यात किती झपाट्यानं पसरते ते. सिलिकॉनची ही क्षमता सेकंदाला ०.९ चौरस सेंटिमीटरच्या आसपास. डायची, म्हणजे पॅकेजच्या आतल्या सिलिकॉनच्या तुकड्याची, जाडी ०.३ मिलिमीटर धरली तर उष्णता एक मिलिसेकंदात आरपार जाते. ३ मिलिमीटर रुंदीच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जायला दहावा भाग सेकंद. आता वरचं काळं इपॉक्सी घ्या. त्याची क्षमता सेकंदाला ०.००४ ते ०.००५ चौरस सेंटिमीटर, म्हणजे सिलिकॉनच्या सुमारे दोनशेपट कमी. अर्धा मिलिमीटर इपॉक्सी ओलांडायलाच अर्धा सेकंद जातो. डाय बिचारा घोंगडी पांघरून बसलेला असतो.

आणि पॅकेजची गोष्ट इथं संपत नाही, कारण चिप बोर्डाला सोल्डर केलेली आहे. हवा तापली तर अख्खा बोर्ड तापायला हवा. ५ बाय ८ सेंटिमीटरचा, १.६ मिलिमीटर जाडीचा बोर्ड साधारण १२ ग्रॅमचा भरतो, तो एक अंश चढायला सुमारे १२ जूल लागतात. दोन्ही बाजू मिळून ८० चौरस सेंटिमीटर. स्थिर हवेत दर चौरस मीटरला, दर अंशाला १० वॅट देवाणघेवाण धरली, तर बोर्डाला अंशामागे ०.०८ वॅट मिळतात. १२ भागिले ०.०८ म्हणजे १५० सेकंद. हा झाला तुमचा टाइम कॉन्स्टंट. अडीच मिनिटांत फरकाच्या ६३ टक्के, साडेसात मिनिटांत ९५ टक्के. तुमच्या हीट गनच्या रेंगाळण्याचा हिशोब हा असा आहे.

थोडक्यात विचारायचा प्रश्न ‘सेन्सर किती वेगवान’ असा नको, ‘उष्णता कुठून निघाली’ असा हवा. डायवरच निघाली तर मिलिसेकंद, पॅकेजच्या पाठीवर टेकवली तर सेकंदाच्या आसपास, हवेतून आली तर मिनिटं.

---

सोल्डरताई | मंगळवार, दुपारी १:१५

मास्तर, नमस्कार. उद्यमनगरात माझं बोर्ड दुरुस्तीचं छोटं वर्कशॉप आहे, तिथं हे रोज हाताखाली दिसतं. सोल्डरिंग आयर्नचं टोक चिपच्या डोक्यावर टेकवलं की सेकंदाभरात रीडिंग हलायला लागतं. तेच टोक शेजारच्या ग्राउंडच्या तांब्यावर टेकवलं तर रीडिंग चढतं, पण सगळ्या बोर्डाला सोबत घेऊन. लांबून गरम हवा दिली तर सगळ्यात उशिरा. टोक बाजूला घेतल्यावर काय होतं तेही बघा. डोक्यावर टेकवलेलं असेल तर आधी भरकन उतार, मग लांब शेपूट. तो भरकन उतार पॅकेजचा, शेपूट बोर्डाचं. एकाच टाइम कॉन्स्टंटमध्ये बसवायला गेलात तर आलेख कधीच जुळणार नाही.

पॅनेलवाले, तुमच्या बोर्डावर ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर चिपच्या किती जवळ आहे? एएमएस१११७ असेल आणि ५ व्होल्टवरून १०० मिलिअँपिअर देत असेल तर ०.१७ वॅट तिथं जळतात. ग्राउंडचं तांबं एकच असतं, त्यामुळे चिप हवेचं तापमान सांगते की रेग्युलेटरचं, हे आधी बघा.

शिवाय चिप स्वतःही तापते. ७२ मेगाहर्ट्झवर ३६ मिलिअँपिअर धरले तर ०.१२ वॅट. ४८ पायांच्या या पॅकेजला वॅटमागे ५५ अंश, म्हणजे साडेसहा अंश नुसते स्वतःचे. घड्याळ कमी-जास्त केलं की रीडिंग सरकणार, बाहेर काहीही न बदलता.

---

पॅनेलवाला_शिरोली | मंगळवार, रात्री ९:१०

ताई, रेग्युलेटर चिपपासून दोन सेंटिमीटरवर आहे, आणि पलीकडं दोन रिले. मास्तर, हिशोब वहीत उतरवून घेतला. अर्धा सेकंद, अडीच मिनिटं हे पटलं.

पण मग हे काय? आज रिले ऑन करताना रीडिंग नोंदवत होतो, दर मिलिसेकंदाला एक. रिले लागल्याबरोबर तापमान तीन-साडेतीन अंशांनी खाली आलं, रिले सुटला की परत वर. मिलिसेकंदात. उष्णतेला मिनिटं लागतात तर हा सेन्सर एवढा चपळ कसा झाला? आणि रिले लागल्यावर थंड कशानं होईल?

---

पुण्यात_अडकलेला | मंगळवार, रात्री १०:३०

मूळचा राजारामपुरीचा, पोटासाठी पुण्यात. हे दुखणं आमच्याकडं नेहमीचं.

तापमान बदललंच नाही. तुझा ३.३ व्होल्ट वाकला. ४८ पायांच्या पॅकेजमध्ये एडीसीचा संदर्भ व्होल्टेज बाहेर वेगळ्या पायावर नाही, तो आतून अॅनालॉग सप्लायलाच जोडलेला आहे. एफ१०३ चा सेन्सर २५ अंशांना १.४३ व्होल्ट देतो आणि तापेल तसा अंशामागे ४.३ मिलिव्होल्टनं उतरतो. ३.३ व्होल्टवर १.४३ म्हणजे १७७५ च्या आसपास काउंट (एडीसीनं दिलेला आकडा). रिलेच्या ओढीनं सप्लाय एक टक्का, म्हणजे ३३ मिलिव्होल्ट बसला, तर तेच १.४३ आता १७९२ दिसतात. काउंट वाढले की तुझा फॉर्म्युला म्हणतो सेन्सरचा व्होल्टेज वाढला, म्हणजे चिप थंड झाली. १७ काउंट, दर अंशाला ५.३ काउंट, झाले सव्वातीन अंश. तुझा आकडा बरोबर तेवढाच आहे.

ऊर्जेच्या हिशोबानंही हे धरता येतं. ३ बाय ३ बाय ०.३ मिलिमीटरचा डाय एक अंश बदलायला सुमारे ४.४ मिलिजूल लागतात. एका मिलिसेकंदात सव्वातीन अंश उतरवायचे तर चिपमधून १४ वॅटच्या दरानं उष्णता ओढून घ्यावी लागेल. तुझ्या पॅनेलमध्ये असं काही नाही. रीडिंगनं अशी उडी मारली की मी आधी हा गुणाकार करतो, मग व्होल्टेजचा आलेख बघायला ऑसिलोस्कोप लावतो.

उपाय चिपमध्येच आहे. १७ नंबरच्या चॅनेलवर १.२० व्होल्टचा आतला संदर्भ आहे. तापमानाच्या वाचनाला लागूनच तो वाच आणि दोन्हींचं गुणोत्तर घे, सप्लाय आपोआप हिशोबातून जातो. आरपी२०४० वाल्यांनाही हे लागू: तिथं २७ अंशांना ०.७०६ व्होल्ट आणि अंशामागे १.७२१ मिलिव्होल्टचा उतार, त्यामुळे संदर्भात एक टक्का फरक पडला की चार अंशांची चूक.

---

कोडकरी | मंगळवार, रात्री ११:००

गुणोत्तराचं मी रोज करतो, त्याला दुजोरा. दोन वाचनांच्या मध्ये रिले हलू द्यायचा नाही एवढं बघायचं. स्कॅन मोडमध्ये दोन्ही चॅनेल पाठोपाठ घेतले की झालं.

माझा मुद्दा इलेक्ट्रिकल बाजूचा आहे आणि वेगवान वाचनाचा एक उपयोग मला ठाम वाटतो. स्टॉप मोडमधून उठल्या उठल्या तापमान घ्यायचं. झोपेत चिप काही मायक्रोअँपिअरवर असते, म्हणजे स्वतःची उष्णता जवळपास शून्य. डाय बोर्डाच्या तापमानाला येऊन बसलेला असतो. एफ१०३ उठतो तो आतल्या ८ मेगाहर्ट्झ घड्याळावर. घड्याळ वाढवणारा पीएलएल चालू करायच्या आधी वाचा. एडीसीला ४ मेगाहर्ट्झ द्या, ७१.५ सायकल सॅम्पलिंग ठेवा, १७.९ मायक्रोसेकंद भरतात, डेटाशीटची अट पुरी होते. चिप तापायच्या आत आकडा हातात. ताईंनी सांगितलेले साडेसहा अंश यानं टळतात.

---

उष्मा_मास्तर | बुधवार, सकाळी ६:१५

कोडकरी, हे उत्तम. याला उष्णतेच्या बाजूनंही आधार आहे. पुण्याच्या मित्रांनी काढलेले ४.४ मिलिजूल घ्या. ०.१२ वॅट चालू झाले आणि उष्णता बाहेर अजिबात गेली नाही असं धरलं, तरी डाय सेकंदाला २७ अंशांच्या दरानं चढेल. म्हणजे पहिल्या मिलिसेकंदात ०.०३ अंशसुद्धा नाही. तुमचे २० मायक्रोसेकंद तर निर्धास्त.

आता पॅनेलवाल्यांच्या मूळ कामाकडे. इथपर्यंतची चर्चा वाचून कुणाला वाटेल की हवेसाठी हा सेन्सर टाकाऊ आहे. मला तसं वाटत नाही. उशीर नुकसान करतो की नाही हे तापमान किती वेगानं बदलतंय यावर ठरतं. चढण संथ असेल तर सेन्सर मागे पडतो तो टाइम कॉन्स्टंट गुणिले चढणीचा दर एवढाच. पॅनेलमधली हवा मिनिटाला एक अंश चढत असेल तर १५० सेकंदांचा बोर्ड अडीच अंश मागे राहील. फिल्टर तर आठवड्यांत चोंदतो. तिथं मागे राहणं जवळपास शून्य. फिल्टरसाठी हा सेन्सर पुरेसा वेगवान आहे.

पंख्याचं मात्र वेगळं, आणि इथं एक सुंदर गोष्ट आहे. पंखा चालू असताना बोर्डावरून वारा वाहतो, देवाणघेवाण १० ऐवजी २५ धरू. तेव्हा बोर्डाची हवेशी सांगड अंशामागे ०.२ वॅट आणि टाइम कॉन्स्टंट ६० सेकंद. पंखा थांबला की सांगड ०.०८ वर येते आणि टाइम कॉन्स्टंट १५० सेकंदांवर जातो. म्हणजे गरज पडते त्याच क्षणी सेन्सर मंद होतो. पण त्याच वेळी दुसरं काहीतरी घडतं. तुमच्या बोर्डावर रेग्युलेटर आणि रिले कॉइल मिळून एक वॅट जळतो असं धरा. वारा असताना बोर्ड हवेपेक्षा ५ अंश वर राहतो. वारा थांबला की तो साडेबारा अंश वर जायला निघतो, हवा एक अंशही तापली नाही तरी. सुरुवातीचा दर काढू: एक वॅट आत, ०.४ वॅट बाहेर, ०.६ वॅट शिल्लक, भागिले १२ जूल. सेकंदाला ०.०५, मिनिटाला ३ अंश.

बोर्ड स्वतः गरम आहे म्हणूनच तो वाऱ्याचा सेन्सर होतो. वाऱ्याचा वेग मोजायला तापलेली तार वापरतात, त्यातलं तत्त्व हेच. ताईंना रेग्युलेटरची जवळीक खटकली ती हवेचं खरं तापमान हवं असेल तर. पंखा पकडायचा असेल तर तीच कामी येते.

---

सोल्डरताई | बुधवार, सकाळी ११:५०

मास्तर, मानलं! हे मी पुढच्या बोर्डावर मुद्दाम करून बघणार.

पण फर्मवेअरवाल्यांनी एक लक्षात घ्या. मिनिटाला ३ अंश म्हणजे एफ१०३ वर १६ काउंट. सरासरी नीट घेतली तर मिनिटाभरात स्पष्ट दिसतील. एटीमेगा३२८पी वर ते जमणार नाही, तिथं १.१ व्होल्टच्या संदर्भाला १०२४ पायऱ्या आणि अंशाला एक मिलिव्होल्ट, म्हणजे एका अंशाला जेमतेम एक काउंट. त्यात डेटाशीट अचूकता अधिक-उणे १० अंश सांगते.

अचूकतेचं एफ१०३ वरही फार बरं नाही. एसटीच्या संदर्भ पुस्तिकेत स्पष्ट लिहिलंय की एका चिपचा आणि दुसऱ्या चिपचा आकडा ४५ अंशांपर्यंत वेगळा असू शकतो, आणि हा सेन्सर तापमानातला बदल ओळखायला जास्त योग्य. एफ४ सारख्या पुढच्या चिपांमध्ये कारखान्यातच ३० आणि ११० अंशांचे आकडे मेमरीत भरून येतात. एफ१०३ ला ते नाहीत. म्हणून प्रत्येक बोर्ड बाहेर पडताना थंड असतानाच, सकाळी पहिल्यांदा पॉवर दिल्यावर, भिंतीवरच्या थर्मामीटरशी एकदा जुळवा आणि तो फरक फ्लॅशमध्ये ठेवा. दहा मिनिटं चालवून जुळवलंत तर बोर्डाची स्वतःची उष्णता फरकात मिसळते.

---

गुऱ्हाळकर | बुधवार, रात्री ८:२०

लगा, चर्चा झकास चाललीय. पन्हाळ्याकडं आमचं गुऱ्हाळ हाय. काईल, म्हंजे रस आटवायची मोठी कढई, उतरवायची वेळ गुळव्या बोटावर पाक घेऊन ठरवतो, अनुभवी माणूस हाय. पण आता वय झालं त्याचं, आणि पोरं शिकायला येत न्हाईत. पाकाचं तापमान दाखवणारा बॉक्स करायचा म्हणतोय. असली चिप प्लास्टिकच्या पिशवीत घालून काईलीत सोडली तर चालंल का?

---

सोल्डरताई | बुधवार, रात्री ९:००

नाही दादा, चिप काईलीत नको. पाक ११८-१२० अंशांना उतरवतात, आणि या चिपा ८५ किंवा १०५ अंशांपर्यंतच्या असतात. पॅनेलसाठी गोष्ट वेगळी होती, इथं तुम्हाला पीटी१०० किंवा के टाइप थर्मोकपल हवं, आणि चिप धुरापासून, वाफेपासून लांब डबीत.

पण मास्तरांचा नियम तुम्हालाही लागू आहे आणि तुमच्याकडं तो जास्त बोचेल. बाजारात मिळणारा प्रोब बहुतेक वेळा जाड स्टीलच्या नळीत असतो, आत हवेची पोकळी. पाण्याचा अंश संपत आला की शेवटच्या टप्प्यात पाक झपाट्यानं चढतो, तिथं जाड नळी मागं पडली तर आकडा ११६ दाखवेल आणि पाक १२० ला असेल. बारीक नळीचा प्रोब घ्या, आत टोकाला थर्मल पेस्ट भरून घ्या. आणि टोक फेसात न राहता रसात बुडलेलं असू दे. फेस म्हणजे हवा आणि वाफच. काईलीच्या तळालाही टेकू देऊ नका, तिथं चुलवणाच्या जाळाचं तापमान येईल. हाताच्या दांड्याला बांधून ढवळताना फिरता ठेवलात तर सगळ्यात चांगलं, हलत्या रसात प्रोब लवकर जुळतो.

गुळव्यांना बाजूला उभं करा आणि पहिल्या हंगामात ते ‘आता’ म्हणतील तेव्हाचा आकडा लिहून ठेवा. उसाची जात, चुना, भेंडीचं पाणी, सगळ्यानं तो थोडा हलतो. त्यांचं ज्ञान वहीत आलं पाहिजे.

---

गुऱ्हाळकर | बुधवार, रात्री ९:१२

ताई, लाख बोललात. म्हातारं खूश होईल. दांड्याचं डोक्यातच आलं न्हवतं.

---

पुण्यात_अडकलेला | गुरुवार, सकाळी ८:४५

मिलिसेकंदांचा वेग खरा कुठं लागतो तेही नोंदवतो, नाहीतर चिपवरचा सेन्सर म्हणजे गरिबाचा थर्मामीटर असा समज व्हायचा. मोटर ड्रायव्हर आणि स्मार्ट स्विच चिपा घ्या. १२ व्होल्टवर शॉर्ट झालं, २० अँपिअर वाहिले, २४० वॅट त्या इवल्याशा सिलिकॉनमध्ये. वरचेच ४.४ मिलिजूल धरले तर मिलिसेकंदाला ५४ अंश! बाहेर हीटसिंकवर लावलेल्या सेन्सरला कळेपर्यंत चिप गेलेली असते. म्हणून तिथं सेन्सर पॉवर ट्रान्झिस्टरला चिकटून, सिलिकॉनमध्येच घडवतात, आणि १५०-१६५ अंशांच्या आसपास तो सॉफ्टवेअरला न विचारता स्विच बंद करतो. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरमध्येही हेच कारण. पेंटियम ४ पासून चिप तापली की घड्याळाचे ठोके गाळून स्वतःला सावरायची सोय आली, ती डायवरच्या सेन्सरच्या जोरावर.

पॅनेलवाल्या, तुझ्या व्हीएफडीतही हीटसिंकवर सेन्सर असतोच आणि तो ओव्हरहीटला ट्रिप होतो. तुझा बोर्ड त्याच्या आधीची पायरी आहे. व्हीएफडी ट्रिप झाला तर मिक्सरमध्ये वाळू अडकणार, ते होऊ द्यायचं नाही एवढं तुझं काम.

---

पॅनेलवाला_शिरोली | गुरुवार, रात्री ९:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल-आज बसून असं ठरवलंय:

तापमान आणि १.२० चा संदर्भ पाठोपाठ वाचायचे, गुणोत्तर घ्यायचं. सेकंदाला एक सरासरी आकडा, जास्त नको. फिल्टरसाठी रोज दुपारच्या सर्वांत चढ्या तासाची सरासरी साठवायची आणि ती आठवड्यामागून आठवडा चढतेय का बघायचं. उन्हाळा येताना ती तशीही चढेल, म्हणून पहाटेच्या थंड बोर्डाचं तापमान वजा करणार. पंख्यासाठी मिनिटाचा उतार, म्हणजे मिनिटाला रीडिंग किती अंश चढतं, ते बघायचं.

इथं एक अडचण दिसते. व्हीएफडी सुरू झाला, दार उघडून कुणी बंद केलं, सलग रिले लागले, की उतार बदलणारच. खोटे बझर वाजायला लागले की ऑपरेटर वायर तोडून टाकतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यामुळे नुसत्या उतारावर व्हीएफडीचा वेग कमी करायला मन धजत नाही.

---

कोडकरी | गुरुवार, रात्री ९:५०

मग पंख्यालाच विचार की. सध्याचा पंखा २३० व्होल्टचा असेल. एसएमपीएस २४ व्होल्टचा आहेच, तर २४ व्होल्टचा तीन वायरींचा पंखा लाव. तिसऱ्या वायरीवर फेऱ्यांचे पल्स येतात, बहुतेक पंख्यांत फेरीला दोन. पंखा अडला की सेकंदात कळतं, बोर्ड तापायची वाट बघायला नको. मालकांना सांग, हा सेन्सर नाही, पंख्याचीच वायर आहे.

---

उष्मा_मास्तर | शुक्रवार, सकाळी ६:२०

सहमत. पण उतार काढून टाकू नका. पंखा फिरत असेल आणि फिल्टर पूर्ण चोंदलेला असेल, तर पल्स ठीक येतील आणि वारा मात्र येणार नाही. पल्स असताना उतार चढला तर फिल्टर. पल्सच नसतील तर पंखा. आणि उतार तपासताना व्हीएफडी सुरू झाल्यापासूनची पहिली सात-आठ मिनिटं सोडून द्या, म्हणजे तीन टाइम कॉन्स्टंट उलटून जातात.

---

सोल्डरताई | शुक्रवार, दुपारी १२:४०

तिसऱ्या वायरीचं एक सांगते. ती ओपन कलेक्टर असते, स्वतः व्होल्टेज देत नाही. पुल-अप (वायरीला व्होल्टेज देणारा रेझिस्टर) ३.३ व्होल्टला लावा, १० किलोओहम. कुणी २४ ला लावला तर चिपचा पाय जाईल. वायर पॅनेलच्या दारावरून येणार, शेजारी कॉन्टॅक्टरच्या वायरी, म्हणून पायाजवळ १ किलोओहम सिरीजमध्ये आणि १० नॅनोफॅरॅड ग्राउंडला टाका. पंखा चालू केल्यावर पहिले पाच सेकंद पल्स तपासू नका, थंडीच्या सकाळी जुना पंखा हळू उठतो.

दारापासून बोर्डापर्यंतची वायर बिजागरीच्या बाजूनं, लवचीक नळीतून आणा. उंदरांसाठी तीच नळी स्टीलची मिळते.